कोनाची वही

कोन चिरायला घेतला की मला मळमळतं. घरात सगळ्यांना वाटतं, मला त्याची खाज बाधते. बायको हातांना चिंच चोळून घेते, फोडी आमसुलाच्या पाण्यात टाकते, आणि तरीही माझ्यासाठी वेगळी भाजी करते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी हेच कोनफळ मिटक्या मारत खात होतो, हे ती विसरली असावी, किंवा विसरल्यासारखं करत असावी. खाजेचं काही नाही. कोनानं मला कधीच त्रास दिलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी एका मुलीची वही चोरली, मग ती शाळेच्या चुलीत घातली, आणि त्या चुलीवर शिजलेला भात पोटभर खाल्ला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही. देवापुढं उभा राहून मी दुसऱ्याच गोष्टी मागत राहिलो.

सुगी आता सरत आली आहे. भात मळून झालं, खळी उघडी पडली, आणि जोयडा तालुक्यातल्या बाजारात कंदांचे ढीग लागले आहेत. माती न झाडलेले, केसाळ मुळ्यांचे, कुणाच्या पायासारखे, कुणाच्या पंजासारखे. गणेशगुडीला नदीत होड्यांतून उड्या मारायला येणारी माणसं परत जाताना थांबतात, कोनाबरोबर फोटो काढतात, पिशवी भरून नेतात. ज्यांना ह्या दिवसांतला मातीचा वास आवडतो त्यांनी तो खुशाल आवडून घ्यावा. मला त्या वासाबरोबर जळक्या कागदाचा वास येतो, आणि घशाशी काहीतरी बुळबुळीत येऊन थांबतं. चिरलेल्या कोनाचा चीक असतो ना, तसं. धुतलं तरी बोटं एकमेकांवरून घसरत राहतात.

ह्या वर्षी ते जरा जास्तच झालं, त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात आम्हा शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय जुनाच, नाव नवं: मुलांनी हातानं काहीतरी करायचं, त्यातून विज्ञान शिकायचं, आणि त्याच विज्ञानातून वाचायला-लिहायला शिकायचं. शिकवायला आलेल्या बाई तरुण होत्या, मनापासून बोलत होत्या. त्यांनी पडद्यावर एका वहीचं पान दाखवलं. मोत्यासारखं अक्षर. पानाच्या मधोमध एका ओळीखाली कुणीतरी हिरवी रेघ मारलेली: ‘आधी पान येत नाही, आधी दोर येतो. दोर आंधळा आहे. हवेत चाचपडतो.’

“बघा,” बाई म्हणाल्या, “मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघतं आणि स्वतःच्या शब्दांत लिहितं, ते असं. आपल्याच तालुक्यातली जुनी वही आहे ही.”

टाळ्या पडल्या. शेजारच्या मास्तरांनी मला कोपरानं ढोसलं. “सर, हे तुमच्याच शाळेतलं न्हवं? तुमचं नाव हाय की खाली.”

“व्हय.”

“मग पार्टी द्या की. नुसतं हसून काय भागवता?”

मी हसलो. टाळ्याही वाजवल्या. हात ओले झाले होते, त्यामुळे त्या नीट वाजल्या नाहीत.

त्या वर्षी मी कुंभारवाडा गावाच्या आत, रानातल्या एका वाडीवरच्या मराठी शाळेत होतो. दोन खोल्या, एक पडवी, मागे बिसिऊट, म्हणजे मुलांचं दुपारचं जेवण, शिजवायची पत्र्याची खोपटी. बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक, पावसात तीही आली तर आली. मी मूळचा रामनगरकडचा. आजोबा खानापुराहून येऊन तिथं दुकान घालून बसलेले. आमच्या घरात रानातल्या कुणबी वाड्यांबद्दल वाईट कुणी बोलत नसे. फक्त तिकडचा माणूस दुकानातून उठून गेला की आई बसायची फळी पुसून घ्यायची. ती पुसलेली फळी मी माझ्याबरोबर नोकरीवर घेऊन गेलो होतो.

पावसाळ्यात शाळेत पोचलं की पहिलं काम म्हणजे पायमोजे खाली करून जळवा काढणं. मिठाची पुडी खिशातच असे. मीठ पडलं की जळू आकसते आणि प्यालेलं सगळं ओकते. भिंतींना हिरवी बुरशी, पुस्तकांना पांढरी. भिंतीवरच्या नकाशात अर्धा कर्नाटक काळा पडलेला. मुलं यायची ती धुराचा, ओल्या कांबळ्याचा, कुजक्या पाल्याचा वास घेऊन. मला किळस यायची. मी रुमालाला अत्तर लावून नेत असे, आणि वह्या तपासताना तो रुमाल डाव्या हातात नाकाजवळ धरत असे. मुलांना वाटायचं गुरुजींना कायमची सर्दी आहे. एकदोघांनी मला अडुळशाचा पाला आणून दिला होता.

अशा शाळेत वरून कागद आला. प्रत्येक मुलानं एक झाड लावायचं. दर आठवड्याला त्याला हात लावून, मोजून, बघून लिहायचं. लिहिलेलं वर्गात वाचून दाखवायचं. सुगीच्या दिवसांत तालुक्याला विज्ञान प्रदर्शन. शाळेमागे एक वही आणि ती लिहिणारं एक मूल. मी कपाळाला हात लावला. माझ्या दृष्टीनं हे चिखलात हात घालण्याचं सरकारी निमंत्रण होतं.

बहुतेक मुलांनी वाल, मिरची, काकडी लावली. सातवीतली शेवंती मात्र राखेत घोळवलेल्या कंदाच्या फोडी सागाच्या पानात गुंडाळून घेऊन आली. तिच्यामागून तिचा बाप देवू आला, खांद्यावर पहार.

“खड्डा खोल पायजे गुरुजी,” तो म्हणाला. “कोन खाली वाढतो.”

“मग पोरीनं लिहायचं काय? खाली काय चाललंय ते दिसणार थोडंच.”

“दिसंल तेवडं लिवंल. न दिसंल तेवडं तुमी सांगा.” तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. खड्डा झाला, पालापाचोळा भरला, फोडी पुरल्या. एका कडेला कोन, दुसऱ्या कडेला कणगी, म्हणजे कोनाचीच धाकटी जात. दोन्हींना त्यानं बांबू रोवून दिले. मग हात झाडत तो माझ्याजवळ आला, आणि आवाज खाली आणून बोलला.

“गुरुजी, हिची सातवी ह्या साली सरंल. पुडं धाडायची तर जोयड्याला वसतिगृहात ठेवाय पायजे. हिची आय न्हाई. घरात हात कमी पडंल. पण पोरगी म्हनती, शिकतो. मला तर वाचाय येत न्हाई. तुमी हिची वही बगा. तिच्यात कायतरी दम आसंल तर सुगी झाल्यावर मला सांगा, मी धाडतो. नसंल तरी सांगा. तुमचा शब्द तो खरा.”

“बघू की,” मी म्हणालो. दोन शब्दांत मी एक माणूस आणि त्याची मुलगी माझ्या खिशात टाकली, मिठाच्या पुडीशेजारी.

वह्या शाळेकडून दिलेल्या. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘नाव’ असं छापलेलं आणि पुढं रेघ. मुलांनी आपापली नावं लिहिली. शेवंतीनं लिहिलं: कोनाची वही.

मी ते मोठ्यानं वाचलं. “कोणाची वही? अगं, तेच तर मी विचारतोय. कोणाची?”

“कोनाची, गुरुजी.”

“तुझी ना?”

“न्हाई. माजी न्हाई, कोनाची.” ती मला समजावायला लागली. “प्रणालीची वालाची हाय. ही कोनाची.”

वर्ग लोळायला लागला. पुढं कितीतरी दिवस पोरं एकमेकांना विचारत होती, ‘ए, ही कोनाची चप्पल? ही कोनाची शेंबडी?’ मी तांबडं पेन घेऊन ‘न’चा ‘ण’ केला. “बाणातला ण. न नव्हे,” म्हणालो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तांबडं अक्षर नखानं खरवडलेलं, कागद तिथं पातळ झालेला, आणि त्या पातळ कागदावर परत ‘न’. तिला ‘नाव’ म्हणजे वहीचं नाव वाटलं होतं. आणि कंदाचं नाव ‘न’नंच लिहितात. शब्दकोश माझ्या टेबलावर होता. मी उघडला नाही. त्या वहीवर तिचं नाव मात्र शेवटपर्यंत आलं नाही. पुढं मला त्याचा उपयोग झाला.

वहीचं पहिलं पान मी रुमाल नाकाला लावूनच वाचलं. चिखलाच्या बोटांचे ठसे, एका कोपऱ्यात चिरडलेली मुंगी. ‘आज कोन वर आला. नाकासारका. तांबडा.’ पुढच्या आठवड्याला: ‘कोनाला आदी पान येत न्हाई. आदी दोर येतो. दोर आंदळा हाय. हवेत चाचपडतो.’ त्यानंतर: ‘कोनाच्या वेलाला चार कडा हायत. गणिताच्या पुस्तकात कोन हाय. म्हणून ह्येला कोन म्हणत आसतील काय. बाला विचारलं. बा म्हनला, पुस्तकाच्या आदीपासून कोन हाय.’

तिथं मी रुमाल खाली ठेवला.

मला लिहिता येतं असं मी समजत होतो, हे इथं सांगायला हवं. बेळगावच्या पेपरच्या रविवारच्या पानावर माझे दोन लेख आले होते. ते मी लॅमिनेट करून ठेवले होते. त्यांत पाऊस ‘कोसळत’ होता आणि रान ‘हिरवाईनं नटलेलं’ होतं. एवढी वर्षं त्या रानात राहून मला एकही दोर चाचपडताना दिसला नव्हता. शेवंतीची ती ओळ वाचल्यावर मला आनंद झाला नाही. बारा वर्षांच्या मुलीचा हेवा करणारा चाळिशीकडं झुकलेला मास्तर: हे आज लिहितानासुद्धा हात पँटला पुसावेसे वाटतात.

आषाढ-श्रावणात वेल बांबूवर चढले. शेवंतीनं वर्गात वाचून दाखवलं, ‘कोन उजव्या अंगानं चडतो, कणगी डाव्या अंगानं.’ लगेच भांडण जुंपलं.

“उजवा म्हंजे बांबूचा उजवा का आपला?” कुणीतरी विचारलं.

“बांबूला कुटला उजवा? तेला हात हायत काय!”

“मग तू उलट्या बाजूनं बगितलास तर?”

“चला, बगूया की!”

सगळा वर्ग पावसात मागच्या कुंपणाशी. मिरचीवाले, काकडीवाले, सगळे. बांबूभोवती फिरून फिरून, मान वाकडी करून, हात वर करून पाहणं चाललेलं. कुठूनही पाहिलं तरी कोन उजवीकडंच चढत जातो, हे त्यांचं त्यांना कळलं तेव्हा एक आरोळी झाली. शेवंतीनं परत येऊन वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं: ‘बांबूकडं तोंड करून हुबं ऱ्हायलं तर कोन आपल्या उजव्या हाताकडं वर जातो. बांबूच्या भवती कुटंबी हुबं ऱ्हावा.’ पुढच्या आठवड्यात: ‘मी कोनाचा वेल सोडवून उलटा गुंडाळला. दोन दिसांनी बगितलं. शेंडा परत आपल्या वळणावर. परत उलटा केला. परत तसंच. कणगीचाबी केला. ती बी ऐकत न्हाई.’

बघणं, विचारणं, वाद, परत बघणं, वाक्य दुरुस्त करणं. प्रशिक्षणात जे जे सांगतात ते सगळं त्या पावसात माझ्यासमोर घडलं. मी पडवीत उभा होतो, पायाला जळू लागेल म्हणून. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास मी घेतलेला नाही. तो माझ्याशिवाय झाला, आणि मी तो माझ्या नावावर लावला.

प्रदर्शन जवळ आलं. कुठली वही न्यायची ह्यात प्रश्नच नव्हता. पण ती वही हातात घेऊन तालुक्याच्या साहेबांपुढं उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. ‘हाय’, ‘न्हाई’, चिखल, मुंगी. लोक म्हणतील, ह्या मास्तरानं वर्षभर शिकवलं काय? म्हणून मी ठरवलं, सुवाच्य प्रत करायची. इथपर्यंत मी स्वतःला अजूनही माफ करू शकतो, म्हणजे करून पाहतो. प्रत लिहायला प्रणालीला बसवलं. ती शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी, अक्षर देखणं, भाषा माझ्यासारखी, रामनगरकडची. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. ‘कोनफळ ही वेलवर्गीय वनस्पती असून सदर वनस्पतीस प्रथम पर्णविरहित खोड फुटते.’ सदर! एका जित्या ओळीच्या छातीवर मी ‘सदर’ ठेवला आणि वरून दाबला.

प्रणाली मध्येच थांबली. “गुरुजी, हे शेवंतीचं आहे ना?”

“आता शाळेचं आहे. लिही.”

नावाची जागा मी रिकामी ठेवली होती. प्रदर्शनाच्या सकाळी अध्यक्षांची जीप दारात आली. ते स्वतः चालवत होते. प्रणाली मागे, नवी वेणी, नवे बूट. शेवंती पडवीत उभी होती, आपल्याला कुणी बोलावतंय का ते बघत. मी बोलावलं नाही. “तू पुढच्या वेळी,” असं म्हणालो. सातवीतल्या मुलीला पुढची वेळ नसते, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. जीप वळणावर गेल्यावर मांडीवर वही धरून मी प्रणालीचं नाव लिहिलं, आणि खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं.

परीक्षक म्हातारे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी बरीच पानं कंटाळून उलटली आणि एका ठिकाणी थांबले. “‘दोर आंधळा आहे. हवेत चाचपडतो.’ अरे वा!” मी दचकलो. ही ओळ तर मी काढली होती. प्रणालीनं माझं ‘पर्णविरहित’ गाळून गुपचूप शेवंतीची ओळ ठेवली होती, फक्त शुद्ध करून. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. “हे कसं सुचलं बाळ तुला?” परीक्षकांनी विचारलं.

प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती मला संधी देत होती.

“मीच सुचवलं, सर,” मी म्हणालो.

परीक्षकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. पहिला नंबर आला. परतीच्या वाटेवर प्रणालीला दोनदा उलटी झाली. अध्यक्ष म्हणाले, वळणं फार आहेत.

चार-पाच दिवसांनी देवू आला. पायाला खळ्यातला भुसा, पाठीवर पोतं. पोत्यातून त्यानं एक कोन काढला, लहान मुलाएवढा, आणि पडवीत माझ्या खुर्चीशेजारी ठेवला.

“शाळेला नंबर मिळाला म्हनं. वाडीत बोलतात.”

“हो, मिळाला.”

“बरं झालं. शाळेचं नाव झालं.” तो उकिडवा बसला. “मग गुरुजी, आमच्या शेवंतीच्या वहीचं काय? ती म्हनती, तिचीच वही नेली. मी म्हनलं, गुरुजींनाच विचारतो. दम हाय काय तिच्यात?”

एक ‘व्हय’ पुरला असता. त्यानं एवढंच मागितलं होतं. पण ‘व्हय’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग तिला का न्हाई नेली? मी त्या पुढच्या प्रश्नाला भ्यालो.

“मुलगी कष्टाळू आहे,” मी म्हणालो. “पण लिहिण्या-वाचण्यात… तसं काही खास नाही, देवू. नेली ती प्रणालीची. हिच्या वहीत चुका फार आहेत.”

त्यानं मान हलवली. तुमचा शब्द तो खरा म्हणाला होता ना. त्यानं जमिनीवरचा भुसा बोटानं गोळा केला. “मग घरीच ऱ्हाऊ दे,” म्हणाला. “लगीन होईपर्यंत हाताला मदत हुईल. वही तेवडी द्या गुरुजी. तिनं लिवलंय, घरात ठेवतो.”

“उद्या देतो.”

कोन तिथंच ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊट शिजवणारी लक्ष्मीअक्का पडवीत आली. गॅसचा सिलिंडर संपला होता. “गुरुजी, लाकडं सगळी गार हायत. पेटत न्हाईत. सुका कागद असला तर द्या बगू.”

मी कपाट उघडलं. जुनी पत्रकं काढली, आणि त्यांच्या मधे ती वही घातली.

“अगो बाई, ही तर वही हाय!”

“जुनी आहे. लागेल तेवढी फाड.”

मी दारात उभा राहून पाहिलं. तिनं पानं सुटी करून चुरगळली, लाकडांखाली सारली, फुंकणीनं फुंकलं. कागद आधी काळा झाला, मग पिवळा जाळ. वरच्या पातेल्यात भात होता. दुपारी मुलं पंगतीत बसली. वाढायची पाळी सातवीची होती. शेवंती डाव घेऊन माझ्यापाशी आली.

“भाताला धूर लागलाय, गुरुजी. आनी वाडू?”

“वाढ,” मी म्हणालो. आणि खाल्ला. भूक लागली होती, ही त्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट. चव लागली. मी बोटं चाटली.

जेवणं झाल्यावर हात धुऊन ती माझ्या टेबलाशी आली. “गुरुजी, बानं सांगितलंय, वही घेऊन ये.”

मी मान वर न करता विचारलं, “कोणाची वही?”

“व्हय,” ती म्हणाली. चेहरा उजळला होता. तिला वाटलं, गुरुजींनी आज पहिल्यांदा वहीचं नाव बरोबर घेतलं. “कोनाचीच.”

“ती होय. तिला वाळवी लागली. टाकून दिली.”

ती उभी राहिली. रडली नाही. “सगळीला?” एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. मार्चमध्ये परीक्षा झाली, ती पास झाली, दाखला न्यायला आली नाही. दोन वर्षांनी माझी बदली रामनगरजवळ झाली. मला उत्कृष्ट अध्यापनाचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते पुढच्या खोलीत आहे. बायको दर दिवाळीला त्याची काच पुसते.

कधी कधी मी स्वतःशी हिशेब मांडायचा प्रयत्न करतो की ती शिकली असती तरी काय झालं असतं. वसतिगृहात रमली नसती. परत आली असती. असा विचार करणारा माणूस कसा दिसतो, ते दाढी करताना मी रोज बघतो. जळवेसारखा: प्यालेलं ओकायला मीठ लागतं, आणि मीठ टाकणारं कुणी नाही.

ह्या सुगीत, त्या प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात, शेवंती मला बाजारात भेटली. मी तिला ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. “गुरुजी! व्हय न्हवं, गुरुजीच!” समोर कंदांचे सात-आठ ढीग, शेजारी तिच्या वाडीच्या बायका. तिनं पाया पडायला हात पुढं केले, मी मागं सरलो. लग्न करून दिग्गीकडं दिलं होतं, मुलगी पाचवीत आहे, बा तीन पावसाळ्यांपूर्वी गेला, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. एक शहरी जोडपं ढिगांपुढं उभं होतं. त्यांच्यातल्या बाईनं विचारलं, “हे दोन सारखेच दिसतात. वेगळे कसे ओळखता?”

“जमिनीत आस्ताना वेलावरनं,” शेवंती म्हणाली. “हा उजव्या हाताकडं चडतो, त्यो डाव्या. तुमी किती उलटा गुंडाळा, ऐकत न्हाईत.”

बाईंनी ते फोनवर टिपून घेतलं. “पाट्या लावा ना नावांच्या. लोकांना कळेल.”

शेवंती हसली. “मला लिवाय येत न्हाई नीट. गुरुजींनीच सांगितलं हुतं आमच्या बाला.” मग माझ्याकडं वळून, अजिबात टोचून न बोलता, “व्हय का न्हाई गुरुजी? आता आलाच हाय तर तुमीच लिवून द्या. तुमचं अक्षर चांगलं.”

शेजारची बाई म्हणाली, “मास्तरांना कामाला लावतीस गो!”

“लावाय पायजे. लई मारलंय तेनी पट्टीनं.” सगळ्या हसल्या.

पुठ्ठ्याचे तुकडे आणले गेले. ती नावं सांगत गेली, मी मातीत उकिडवा बसून लिहीत गेलो. कोन. कणगी. मुडली. एकेक पाटी ती हातात घेऊन ओठांनी अक्षर अक्षर वाचत होती, बरोबर आहे का ते बघत होती. तिला उत्तम वाचता येत होतं. लिहिताही येत असणार. लिहिता येत नाही ह्यावर फक्त तिचा विश्वास होता, आणि तो मी दिलेला होता. मी तेव्हा सांगू शकलो असतो. तोंड उघडलं, आणि म्हणालो, “उन्हात बसू नकोस, टोपी-बिपी घाल.” तिनं जबरदस्तीनं एक कोन माझ्या पिशवीत घातला. तो मी वाटेतल्या मोरीत टाकला.

शेवंती हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव इथं लिहायचं तर आधी तिला विचारायला हवं, आणि विचारायचं तर आधी सांगायला हवं. म्हणजे वहीवर नव्हतं तसं ह्या लेखातही तिचं नाव नाही, आणि खाली माझं आहे. हे छापून येईल, चार ओळखीचे ‘धाडसानं लिहिलंत’ असं म्हणतील, मला बरं वाटेल, आणि ती हे वाचणार नाही. त्या बरं वाटण्याचीही मला आताच किळस यायला लागली आहे.

तिची वही चांगली होती. मी तिच्यासारखी दुसरी पाहिली नाही. ती मी दुसऱ्या मुलीच्या नावावर नेली, जाळली, आणि तिचा बाप विचारायला आला तेव्हा खोटं बोललो, म्हणून ती पुढं शिकली नाही. हे तिच्यासमोर उभं राहून, तिच्या मुलीच्या देखत, मी तिला सांगणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.